‘पोहता येत नसले तरी चालेल’: हे वाक्य अर्धेच खरे आहे

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात फिरताना एक वाक्य जागोजागी फलकांवर दिसते: स्नॉर्कलिंग, पोहता येत नसले तरी चालेल. दिवाळी संपून थंडी सुरू झाली की माझ्या दवाखान्यात याच्याशी जुळणारा एक प्रश्न येऊ लागतो. ‘‘डॉक्टर, शनिवार-रविवार देवबागला चाललोय. ओळखीच्यांकडेच उतरणार आहोत. बाबांना पाण्यात उतरवलं तर चालेल ना?’’ बाबा शेजारीच बसलेले असतात. वय बासष्ट-पासष्ट, रक्तदाबाची गोळी सुरू, साखर थोडी वर. ते काहीच बोलत नाहीत, पण त्यांना जायचे आहे हे चेहऱ्यावर दिसत असते.

बहुतेक वेळा मी ‘हो, चालेल’ असेच सांगतो. वय झाले म्हणून माणसाला किनाऱ्यावर चपला सांभाळायला बसवणे मला पटत नाही. पण त्या ‘हो’च्या मागे काही अटी असतात आणि त्या दोन मिनिटांत सांगून होत नाहीत. म्हणून हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे. स्नॉर्कलिंगमध्ये पोहता येण्या-न येण्याला आपण नको इतके महत्त्व देतो. अंगात नीट बसलेले लाइफ जॅकेट असेल तर पोहता न येणारा माणूसही तरंगतो. धोका ठरतो तो हृदयावर, फुप्फुसांवर, आदल्या रात्रीच्या झोपेवर आणि आदल्या रात्रीच्या ग्लासावर. आणि याबद्दल कुठलाही फलक काही विचारत नाही. स्कूबाला जाताना निदान प्रकृतीची माहिती लिहून घेण्याची पद्धत तरी आहे. स्नॉर्कलिंगला मात्र पैसे दिले, मास्क लावला आणि उतरलो, असा प्रकार.

पाण्यात उतरल्यावर शरीरात काय होते

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर उभा आहे. 1664 साली शिवाजी महाराजांनी त्याचे बांधकाम सुरू केले. किल्ल्याभोवतालचे खडक आणि त्यांवरचे प्रवाळ यांमुळे इथे माशांची वर्दळ असते. 1987 साली या भागाला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. होडीतून तिथपर्यंत जायचे, मास्क आणि श्वासाची नळी लावायची आणि पोटावर तरंगत खाली बघायचे. बहुतेक ठिकाणी हाताशी एक रिंग असते आणि गाइड ती धरून तुम्हाला फिरवतो. बघणाऱ्याला वाटते, यात कसले आलेत कष्ट?

कष्ट दिसत नाहीत, पण असतात. तुम्ही जमिनीवर उभे असता तेव्हा शरीरातले बरेचसे रक्त पायांत आणि पोटात साठलेले असते. गळ्यापर्यंत पाण्यात गेलात की पाण्याचा दाब ते रक्त वर छातीकडे ढकलतो. साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त हृदय आणि फुप्फुसांकडे जास्तीचे येते. (पाण्यात उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत लघवीला का लागते, याचे उत्तरही यातच आहे. हृदयाला वाटते शरीरात पाणी जास्त झाले, आणि ते मूत्रपिंडाला तसा निरोप धाडते.) निरोगी हृदय हा भार सहज पेलते. ज्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे जास्त आहे, ज्यांच्या हृदयाची भिंत जाड आणि ताठ झाली आहे, त्यांना तो जड जाऊ शकतो. मग फुप्फुसात पाणी उतरते. हे समुद्राचे नाकातोंडात गेलेले पाणी नव्हे. ते आपल्याच रक्तातून झिरपते.

आता त्यात नळीची भर घाला. आपण दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो. त्यातली दीडशे मिलिलिटर श्वासनलिकेतच राहते, कामाला येत नाही. नळी लावली की ही निकामी जागा वाढते. तोंडातून, अरुंद नळीतून, छातीवर पाण्याचा दाब असताना श्वास ओढावा लागतो. घाबरून माणूस भराभर उथळ श्वास घेऊ लागला तर तीच वापरलेली हवा नळीतून आत-बाहेर होत राहते. लांब नळी घेतली म्हणजे जास्त खोल जाता येईल असे मुलांना वाटते, पण फूटभर खोलीवरच छातीला नळीतून हवा ओढणे अवघड होते. म्हणून नळी आखूडच असते.

अमेरिकेतल्या हवाई बेटांवर स्नॉर्कलिंग करताना पर्यटक दगावण्याच्या घटना इतक्या झाल्या की तिथे त्याचा स्वतंत्र अभ्यास झाला. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. माणूस हात-पाय झाडत नव्हता, ओरडत नव्हता, लाटांत सापडलेला नव्हता. काही जण तर पाय टेकतील इतक्याच पाण्यात होते. एकाएकी दम लागला, ताकद गेली आणि संपले. नळीतून जोर लावून श्वास ओढल्याने फुप्फुसात झपाट्याने पाणी उतरते, असा अभ्यास करणाऱ्यांचा निष्कर्ष आहे. सगळ्या तज्ज्ञांनी तो अजून स्वीकारलेला नाही. मला तो पटतो, आणि पटो न पटो, त्यातून निघणारी सूचना एकच आहे: पाण्यात असताना कारण नसताना दम लागला, तर ‘थोडं थांबून बघू’ म्हणू नका. लगेच पाठीवर उताणे व्हा, नळी तोंडातून काढा, हात वर करा आणि बाहेर या. पाय टेकत असतील तर उभे राहा. बाहेर आल्यावर खोकला, फेसाळ थुंकी किंवा धाप असेल तर तसेच रुग्णालयात जा. आडवे पडून राहू नका.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली ऑनलाइन मिळतात. नाकानेही श्वास घेता येतो म्हणून नवख्यांना ते आवडतात. मी घेऊ नका असे सांगतो. आतली निकामी जागा जास्त, आणि घाबरल्यावर पटकन काढता येत नाही. साधा मास्क आणि साधी नळी बरी.

मग बाबांनी जायचे की नाही?

मी वय विचारत नाही, जिना विचारतो. दोन-तीन मजले न थांबता, छातीत न दुखता, धाप न लागता चढता येतात का? रोज अर्धा तास भरभर चालणे होते का? दोन्हीला ‘हो’ असेल, रक्तदाब ताब्यात असेल आणि समुद्र शांत असेल, तर जाऊ द्या. जिना चढताना थांबावे लागत असेल तर आधी तपासणी, मग मालवण.

हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊन थोडेच महिने झाले असतील तर या खेपेला होडीत बसून किल्ला बघा. पुढच्या वर्षी हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. हृदयाची ताकद कमी आहे असे इकोत आले असेल, पायांवर सूज येत असेल, तर नाही. फिट येणाऱ्यांनी, गोळ्यांवर बरी असली तरी, स्वतःच्या मनाने उतरू नये. खोलीत आलेली फिट आणि पाण्यात आलेली फिट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दम्याच्या रुग्णांना मी सरसकट मना करत नाही. पण गेल्या दोन दिवसांत पंप घ्यावा लागला असेल, छातीत शिट्टी वाजत असेल, तर नको. आणि पंप होडीत हवा. खोलीवरच्या बॅगेत त्याचा उपयोग शून्य.

मधुमेहींची एक वेगळीच गोष्ट. सकाळी सातची होडी, म्हणून सहाला गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि ‘आल्यावर नाश्ता करू’ म्हणून निघालो, असे अनेकदा होते. पाण्यात साखर उतरली तर घाम कळत नाही, थरथर थंडीची वाटते, घाबरणे समुद्राचे वाटते. तेव्हा आधी दोन घावणे किंवा आंबोळी पोटात जाऊ द्या, मग गोळी, मग होडी. मासे कुठे जात नाहीत. होडीत ग्लुकोजची पुडी ठेवा. दुसरी चूक रक्तदाबाच्या गोळीची. ‘हिने लघवीला फार होते, प्रवासात कुठे जाणार’ म्हणून दोन दिवस गोळीच बंद. नेमक्या ज्या दोन दिवसांत हृदयावर जास्त भार पडणार, त्याच दोन दिवसांत औषध नाही.

आता मला खरा राग ज्याचा येतो त्याकडे वळतो. तो राग समुद्रावर नाही, आपल्या वेळापत्रकावर आहे. पुण्याहून मालवण पावणेचारशे-चारशे किलोमीटर, मुंबईहून पाचशेच्या आसपास. शुक्रवारी ऑफिस संपवून रात्रभर गाडी चालवायची. सकाळी पोहोचून आंघोळ, लगेच पाणी. नाहीतर शनिवारी दुपारी सुरमईचे ताट, संध्याकाळी किनाऱ्यावर बाटली, रात्री दोनला झोप, रविवारी सकाळी सातला होडी, आणि दुपारी परतीचा रस्ता. यात शरीराला कुठेच विसावा नाही. रात्रीची दारू सकाळपर्यंत पुरती उतरलेली नसते, शरीर कोरडे पडलेले असते, हृदयाची लय बिघडण्याची शक्यता वाढलेली असते. त्यावर होडी लागू नये म्हणून प्रोमेथाझिनची गोळी. ही गोळी चांगली आहे, पण झोप आणते, आणि दारूवर घेतली तर दुप्पट आणते. अशा पेंगुळलेल्या माणसाला आपण तोंडात नळी देऊन पालथा तरंगायला सोडतो.

दोन दिवसच हातात असतील तर एवढे करा: पहिल्या दिवशी पाणी नको. पोहोचा, जेवा, झोपा, संध्याकाळी कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे फिरून या. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला असताना पाण्यात उतरा. दारू घ्यायचीच असेल तर ती पाण्यातून बाहेर आल्यावरच्या रात्री, आणि त्या रात्री गाडी चालवायची नसेल तर. स्कूबा करणार असाल तर मात्र हिशेब उलटा होतो. स्कूबानंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून विमानप्रवासाआधी किमान 18 तास जाऊ देतात, आणि उंच घाट चढण्याआधीही वेळ ठेवावा असा नियम आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळजवळ 690 मीटर उंच आहे. सकाळी स्कूबा आणि दुपारी आंबोली हा बेत म्हणून टाळावा. उथळ पाण्यातल्या पर्यटकी डुबकीत धोका कमी असतो, हेही खरे. नुसत्या पृष्ठभागावरच्या स्नॉर्कलिंगला हा नियम लागू नाही.

घरमालकाचे ऐका

या भागात मी हॉटेलपेक्षा घरगुती निवासाची शिफारस करतो, आणि त्याचे कारण फक्त तिसऱ्यांचे सुके आणि सोलकढी नाही. खाली घरची माणसे राहतात, वर किंवा मागच्या अंगणात चार खोल्या, मुलगा नाहीतर पुतण्या होडीवर, काकू स्वयंपाकघरात. अशा घरात तुम्ही कसे आहात हे कोणीतरी बघत असते. रात्री कोण किती वाजता झोपले, सकाळी कोणी नाश्ता टाकला, कोणाचे पाय सुजलेत, हे काकूंना माहीत असते. पाण्यात सोडण्यापूर्वी एखाद्या फॉर्मपेक्षा ही माहिती मोलाची आहे. आणि या माणसांना समुद्र कळतो. सकाळी मालक पाण्याकडे बघून म्हणाला, ‘‘आज दर्या बरो नाय, उद्या बघूया,’’ तर हुज्जत घालू नका. पैसे भरलेत म्हणून दुसरा होडीवाला शोधू नका. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला, हे विसरण्याइतके जुने नाही.

या घरांकडूनही माझी एक अपेक्षा आहे. ती सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण या व्यवसायावर घरे चालतात आणि ती चालत राहावीत असे मला मनापासून वाटते. पाहुण्यांना तीन प्रश्न विचारावेत: हृदयाचा, दम्याचा किंवा फिटचा त्रास आहे का? रात्री दारू घेतली का? सकाळी काही खाल्ले का? पाहुणा खोटे बोलेल, हे खरे. पण विचारले की निम्मे तरी खरे सांगतात, आणि उरलेल्यांच्या बायका सांगतात.

दुसरे, घरातल्या आणि होडीवरच्या प्रत्येकाला बुडालेल्याला वाचवण्याचे प्रथमोपचार यायला हवेत. पोहता येणे वेगळे आणि हे वेगळे. आपल्याकडे अजूनही बुडालेल्या माणसाला पालथे घालून पोट दाबतात, पाय धरून उलटे करतात. त्याने फुप्फुसातले पाणी निघत नाही. पोटातले अन्न मात्र वर येऊन श्वासनलिकेत जाते, आणि मोलाची मिनिटे जातात. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उताणा झोपवा, हनुवटी वर करून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी जोरात, भराभर दाब द्या. तीस दाब, दोन श्वास, असे चालू ठेवा. नुसती छाती दाबण्याची पद्धत तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल, पण ती अचानक हृदय बंद पडलेल्यासाठी आहे. बुडालेल्याचे हृदय ऑक्सिजन संपल्यामुळे थांबते. त्याला आधी श्वास हवा. दुसऱ्याने तोवर 108 ला फोन लावायचा. मालवणमध्ये ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला. दोन्हीचा रस्ता आणि फोन नंबर घरात भिंतीवर लावलेला असावा.

अंदमानातल्या शहीद द्वीपावर किंवा लक्षद्वीपच्या अगत्तीवर असेच घरगुती पाहुणचार घेत स्नॉर्कलिंग करणारी मराठी कुटुंबे आता बरीच दिसतात. पाणी तिथे मालवणपेक्षा कितीतरी नितळ. पण मोठे रुग्णालय समुद्रापलीकडे. जो त्रास मालवणात अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर निभावेल, तो तिथे फेरीच्या नाहीतर विमानाच्या वेळेवर अवलंबून राहील. म्हणून ‘बघू काय होते ते’ या वर्गातल्या रुग्णांना मी तिथे पाण्यात न उतरण्याचाच सल्ला देतो.

तरुण मुलांच्या आई-बाबांसाठी एक गोष्ट. वीस-बावीस वर्षांची पोहणारी मुले जॅकेट काढून बुडी मारतात, आणि जास्त वेळ खाली राहता यावे म्हणून आधी दहा-वीस जोरजोरात श्वास घेतात. हे जीवघेणे आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. जोरात श्वास घेऊन त्याने तो वायू बाहेर टाकलेला असतो. त्यामुळे खाली ऑक्सिजन संपत आला तरी गुदमरल्यासारखे वाटतच नाही, आणि वर येता येता शुद्ध हरपते. उत्तम पोहणाराच यात सापडतो, कारण न पोहणारा मुळात बुडीच मारत नाही.

आणि लक्ष कसे ठेवायचे? स्नॉर्कलिंग करणारा माणूस पालथा, स्तब्ध, तोंड पाण्यात घालून तरंगत असतो. बेशुद्ध माणूसही तसाच दिसतो. किनाऱ्यावरून फोटो काढणाऱ्याला फरक कळणार नाही. म्हणून जोडीनेच उतरा, हाताच्या अंतरावर राहा, आणि मिनिटा-दोन मिनिटांनी एकमेकांचा हात दाबा. समोरून उत्तर आले नाही तर त्याचे तोंड लगेच वर काढा.

किरकोळ त्रासांबद्दल घाईत सांगतो. ऊन पाठीवर आणि पोटऱ्यांवर लागते, आणि पाण्यात ते कळत नाही. त्वचेला लावायच्या महागड्या क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा जुना टी-शर्ट चांगला, प्रवाळांनाही त्याचा त्रास नाही. पाकटाचा काटा लागला किंवा काटेरी माशाने डंख केला, तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात (सुमारे 45 अंश, आधी दुसऱ्याने हात घालून बघावे) अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. त्या विषाची ताकद उष्णतेने मोडते. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर उपटू नका, तसेच रुग्णालयात जा. जेलीफिश लागला तर चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धागे काढा, मग गरम पाणी. धाप लागली किंवा अंगावर गांध्या उठल्या तर थेट रुग्णालय. खडकावरच्या कालवांच्या शिंपल्याने पाय कापला तर मधुमेहींनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी ती जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी दाखवावी. समुद्रातले काही जंतू अशा रुग्णांत तासातासाने पसरतात.

सर्दी असेल तर पृष्ठभागावर तरंगा, पण बुडी मारू नका. एक-दोन मीटर खाली गेल्यावरच बंद कानाचा पडदा ताणू लागतो. कान दुखला की तिथूनच वर या. परतल्यावर दोन-तीन दिवसांनी कानाची पाळी ओढल्यावर दुखत असेल, तर आत ओल राहून जंतुसंसर्ग झालेला असतो. तो थेंबांनी बरा होतो. मात्र थेंब डॉक्टरांनी पडदा पाहून दिलेले हवेत, आणि तोपर्यंत कानात कोमट तेल घालू नका, काडीही घालू नका.